येऊ द्या... येऊ द्या... बास!

प्रत्येक गावात एक माणूस असा असतो, ज्याला गाडी चालवता येत नाही, पण ज्याच्यावाचून गावातली एकही गाडी मागे येत नाही. आमच्या गावात हा मान अण्णांचा.

गाव जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातलं. रस्ता मारुतीच्या पारापाशी येऊन संपतो. गाडी वळवायची तर मागे घेण्यावाचून गत्यंतर नाही. एका अंगाला पार, दुसऱ्या अंगाला पिठाची गिरणी आणि मधे उघडी गटार. गाडी मागे येऊ लागल्याचा आवाज आला, की अण्णा असतील तिथून उठतात. जेवत असले तर उष्ट्या हातानं येतात. गाडीच्या मागे, जरा कडेला उभे राहतात, तळहात स्वतःकडे वळवतात आणि बोटं हलवत, वासराला चुचकारावं तशा आवाजात सुरू करतात, "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या..." मग 'धप्प' असा आवाज होतो. मग अण्णा म्हणतात, "बास!"

'धप्प'च्या आधी 'बास' आलेला गावात कुणाला आठवत नाही. मी एकदा धीर करून हे अण्णांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मास्तर, टेकल्याशिवाय कसं कळावं, जागा संपली म्हणून?" ह्याला उत्तर नव्हतं. पाराच्या कठड्यावर गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास रंगांच्या पट्ट्यांनी लिहिलेला आहे. एसटीचा लाल, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा निळा, एका नव्या नवरदेवाच्या जीपचा सोनेरी, आणि सगळ्यात वरचा पांढरा. तो माझा.

अण्णांनी आयुष्यात चालवलेलं वाहन एकच, बैलगाडी. सायकल त्यांनी घेतली होती, पण ती ते हातात धरून फिरवत. तरीही इंजिनाविषयी त्यांचं मत गावात अंतिम मानलं जातं, कारण अण्णा ते मान वाकडी करून देतात. कुणाचीही गाडी सुरू झाली, की अण्णा मान तिरकी करतात, एक डोळा मिटतात, आणि डॉक्टरनं छातीला नळी लावावी तसे क्षणभर ऐकून म्हणतात, "फायरिंग मिस आहे." विजेवरच्या रिक्षाचंही त्यांनी हेच निदान केलं होतं.

अण्णांची ही थट्टा मी करतो आहे खरी, पण २०१२-१३चा दुष्काळ ज्यांनी पाहिला आहे ते ती ऐकून घेणार नाहीत. त्या साली जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. शेतकऱ्यांनी पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं कुऱ्हाडीनं तोडून सरपणाला घातली. गावोगाव टँकर. आमच्या गावची विहीर वेशीच्या आत, गल्ली अशी की समोरून म्हैस आली तर माणसानं दारात शिरावं. त्या गल्लीतून बारा हजार लिटरचा टँकर रोज उलटा आत न्यावा लागे. ड्रायव्हर रोज नवा आणि रोज वैतागलेला. त्याला विहिरीच्या काठापर्यंत आणण्याचं काम चार महिने अण्णांनी केलं. त्या चार महिन्यांत त्यांनी 'बास' वेळेवर म्हटला असला पाहिजे, कारण टँकर एकदाही विहिरीत पडला नाही. रांगेतल्या भांडणात दोघींच्या घागरींमध्ये उभं राहून त्यांनी डोक्यावर एक घागर खाल्ली, तीही पितळेची.

आमच्या जिल्ह्याला कमी पाण्यात जगायचं शास्त्र पाठ आहे. 'जालना सोन्याचा पालना' अशी म्हण आहे, पण त्या पाळण्यातलं मूल आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस नळाची वाट बघत मोठं झालेलं आहे. धुण्याचं पाणी फरशीला, फरशीचं तुळशीला, हा हिशोब इथल्या शेंबड्या पोरालाही येतो. जास्त पाण्याचं काय करायचं, हे मात्र आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. शिकवणार कोण? शिकवणाऱ्यानं पाहिलेलं पाहिजे ना.

म्हणून २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर तो पाऊस कोसळला तेव्हा आमची मोठी पंचाईत झाली. जायकवाडी धरणाला दरवाजे २७ आहेत हे आम्हाला शाळेत पाठ होतं. ते उघडण्यासाठी असतात हे त्या महिन्यात कळलं. गोदाकाठची गावं पाण्यात गेली. जालन्यात कुंडलिका, जिच्या पात्रात एरवी पोरं क्रिकेट खेळतात, तिनं दोन्ही काठच्या घरांची दारं वाजवली. शेतात कापूस उभ्या जागी सडला, सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब आले. त्या दिवसांत ज्यांचं शेत गेलं त्यांच्यापुढे माझ्या गाडीची गोष्ट सांगायची म्हणजे लाजच आहे. तरी सांगतो. अण्णांसाठी.

नवरात्राची दुसरी माळ. बायकोला अंबडच्या मत्स्योदरी देवीची ओटी भरायची होती. माशाच्या आकाराच्या टेकडीवर देवीचं ठाणं आहे; टेकडी माशासारखी म्हणून नाव मत्स्योदरी. आम्ही जालन्याहून आदल्या दिवशीच गावी येऊन राहिलो होतो. सकाळी पाऊस जरा थांबला, तसे निघालो. गावाच्या बाहेर ओढा, ओढ्यावर नळकांडी पूल. नळकांडी पूल म्हणजे सिमेंटच्या नळ्या आडव्या टाकून वर रस्ता. नळ्यांतून जाईल तेवढं पाणी खालून जातं, बाकीचं वरून. त्या दिवशी सगळंच वरून जात होतं.

काठावर खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन अण्णा उभे. म्हणजे नेमणूक झालेली.

"अण्णा, किती आहे पाणी?"

"काही नाही. गुडघाभर."

आता ह्या गुडघ्याविषयी थोडं सांगितलं पाहिजे. आमच्याकडे पाणी मोजायची मापं तीन: घोटाभर, गुडघाभर आणि कमरेइतकं. फूट-इंचाच्या पट्टीपेक्षा ही मापं सोयीची आहेत. तोटा एवढाच, की गुडघा कुणाचा ते सांगायची पद्धत नाही. अण्णा सहा फूट उंच आहेत. त्यांचा गुडघा म्हणजे माझ्या बायकोची मांडी आणि माझ्या गाडीचा हेडलाइट. वास्तविक फूटभर वाहत्या पाण्यात लहान कारची चाकं जमीन सोडू लागतात आणि दोन फुटांना जडशीळ जीपही वाहून जाऊ शकते. मला हे माहीत होतं. मी ते कुठेतरी वाचलं होतं, आणि वर्गात मुलांना सांगितलंही होतं. पण वाचलेलं ज्ञान आणि खोळ घेतलेला माणूस समोरासमोर आले, की खोळवाला जिंकतो.

काठावरच्या सल्ल्याची आमच्या जिल्ह्यात जुनी परंपरा आहे. भोकरदनकडे असई नावाचं गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ला तिथं इंग्रजांची आणि शिंदे-भोसल्यांच्या फौजेची मोठी लढाई झाली. केळणा नदी आडवी होती. वाटाड्यांनी इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याला सांगितलं, इथं उतार नाही. त्यानं पाहिलं, की नदीच्या दोन काठांना दोन गावं समोरासमोर आहेत. म्हणजे येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे. वाट होती. तो पार झाला, लढाई जिंकला आणि पुढे वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून नेपोलियनला भारी पडला. ह्यातून इतिहासकारांना काय शिकायचं ते त्यांनी शिकावं. मला एवढंच दिसतं, की 'जाऊ नका' म्हणणारे वाटाडे आमच्या जिल्ह्यात तेव्हा शेवटचे झाले. त्यांचं कुणी ऐकलं नाही म्हणून त्यांच्या वंशजांनी धोरण बदललं असावं. माझ्या गोष्टीतली तारीखही २३ सप्टेंबरच होती. दोनशे बावीस वर्षांनी अण्णांनी पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तळहात वळवला.

"जाऊ द्या, मास्तर! मधोमध धरा. रेस सोडू नका. रेस सोडली की सायलेन्सरात पाणी घुसतं."

बायको म्हणाली, "अहो, राहू द्या. ओटी उद्या भरू."

अण्णा म्हणाले, "सूनबाई, देवी बसलीय ना तिकडं."

बायकोच्या आणि देवीच्या मधे मी पडलो नाही. गाडी घातली.

'सायलेन्सरात पाणी' ही आपल्याकडे अशी समजूत आहे, की तिच्यापायी नाकाकडे कुणी बघतच नाही. गाडीचं नाक पुढे असतं, जाळीच्या मागे, बहुतेक हेडलाइटच्या उंचीला. इंजिन तिथून श्वास घेतं. माझं डिझेल इंजिन १२४८ सीसीचं. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर ते दोन हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं, टर्बोमुळे त्याहून जास्त. आमच्या मापात सांगायचं तर पाच हजार लिटरचा टँकर अडीच मिनिटांत. आता एवढ्या जोरानं ओढणाऱ्या नाकाशी पाणी आणून, वर रेस वाढवायची, म्हणजे बुडत्या माणसाला 'जोरात श्वास घे' म्हणण्यासारखं आहे.

तरी निम्मा पूल पार झाला होता. समोरून ट्रॅक्टर आला. त्याला कुणी 'येऊ द्या' म्हटलं ते सांगायला नको. अण्णा दोन्ही बाजूंची वाहतूक एकाच वेळी सांभाळत होते. ट्रॅक्टरच्या चाकांनी उठवलेली लाट आली, माझ्या बॉनेटवर चढली, काचेवरून गेली. इंजिनानं दोन आचके दिले आणि ते थांबलं. वायपर तेवढे चालू राहिले, आतल्या बाजूला काही घडलंच नाही अशा थाटात.

इथं मला अण्णांविषयी जे सांगायचं आहे ते सांगतो. गाडी बंद पडून एक मिनिट झालं नसेल, अण्णा पाण्यात होते. खोळ काठावर, धोतर कमरेला. बैलाचे दोन कासरे त्यांनी एकात एक गुंफले, एक टोक काठच्या बाभळीला आणि दुसरं माझ्या गाडीच्या हुकाला बांधलं. तो हुक कुठे असतो हे मला, गाडीच्या मालकाला, त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. माझ्या बायकोला त्यांनी हाताला धरून काठावर नेलं, ओटीचं ताट आपल्या डोक्यावर ठेवून. ताटातला खणही भिजला नाही. मग गावातली दहा-बारा पोरं बोलावली आणि गाडी पुलाच्या कडेला घसरत होती ती ओढून बाहेर काढली. ते नसते तर ही गाडी त्याच ओढ्यानं गोदावरीपर्यंत पोचली असती.

म्हणजे इथपर्यंत सगळं ठीक होतं. इंजिनात पाणी शिरलं होतं, पण ते थांबलेलं होतं. त्या क्षणी कुणी काहीही केलं नसतं तर माझा खर्च ऑइल, फिल्टर आणि गाद्या वाळवण्यापुरता झाला असता, असं पुढे गॅरेजवाल्या उस्तादांनी सांगितलं. बुडालेल्या इंजिनाचा हा एकच नियम आहे: हात लावू नका. आणि आपल्याकडे काहीही करायला दहा माणसं मिळतात. काहीच न करायला एक मिळत नाही.

काठावर गाडी उभी. भोवती गाव. सगळ्यांच्या अंगातून पाणी गळतंय आणि प्रत्येकाच्या डोळ्यात एकच प्रश्न. अण्णांनी तो शब्दांत मांडला.

"मारा सेल्फ."

मी म्हटलं, "अण्णा, आत पाणी गेलं असेल."

"म्हणूनच तर. सेल्फ मारला की बाहेर येतं."

मी किल्ली फिरवली. 'टक्.' एवढाच आवाज. बाजूला कुणीतरी म्हणालं, "बॅटरी उतरली." अण्णांनी मान वाकडी केली, एक डोळा मिटला. "नाही. फायरिंग मिस आहे. अजून एकदा."

'टक्.'

"येऊ लागली, येऊ लागली! आता सोडू नका."

तिसऱ्यांदा मी दात-ओठ खाऊन किल्ली धरली. 'टक्'च्या मागून 'कट्' असा एक वेगळा, बारीक आवाज आला. सुपारी फुटावी तसा. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

त्या 'कट्'चा अर्थ असा. सिलिंडरात पिस्टन वर जातो आणि हवा दाबतो. माझ्या इंजिनात एका सिलिंडरातली सव्वातीनशेच्या आतबाहेर घनसेंटिमीटर हवा दाबून १९च्या आसपास उरते. १९ घनसेंटिमीटर म्हणजे चहाचे जेमतेम चार चमचे. हवा दबते. पाणी दबत नाही. कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तेव्हा वरच्या त्या जागेत चार चमच्यांहून जास्त पाणी असेल आणि झडपा बंद असतील, तर पिस्टनला वर जायला वाट नसते, आणि खालून क्रँक तर त्याला वर ढकलतच असतो. दोघांच्या मधे असतो कनेक्टिंग रॉड. सासू आणि सून यांच्यामधल्या मुलासारखा. तो वाकतो. पेट्रोल गाडीत ही मोकळी जागा थोडी मोठी असते, तिला दोन-चार चमच्यांची सवलत आहे, डिझेलला नाही.

ज्या जालन्याच्या एमआयडीसीतून ट्रकच्या ट्रक सळया महाराष्ट्रभर जातात, ज्यांच्यावर लोकांचे मजले उभे आहेत, त्या जालन्यात माझा एक रॉड चार चमचे पाण्यानं वाकला.

सेल्फनं काम झालं नाही म्हटल्यावर अण्णांनी पुढचा उपाय काढला. "दुसऱ्या गिअरमधे टाका. ढकल-स्टार्ट करू." सेल्फ मारताना इंजिनाला फिरवणारी मोटर निदान लहान असते. ढकल-स्टार्टला बारा पोरं, उतार आणि टनभर वजनाची गाडी, सगळे मिळून त्याच एका रॉडवर बसतात. मी नको म्हणायला तोंड उघडलं, तोवर मागून आवाज आला, "जाऊ द्याऽऽ!"

गाडी वीस फूट गेली, क्लच सोडला, पुढची चाकं घसरली, आणि गाडी जागच्या जागी बसली. अण्णा म्हणाले, "बास."

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर ट्रॅक्टरला टोचन लावून गाडी जालन्याला नेली. अण्णा सोबत आले. "तुम्हाला काय कळतं त्यातलं," हे त्यांचं कारण. कुंडलिकेच्या ह्या काठाला जुना जालना, त्या काठाला नवा. उस्तादांचं गॅरेज जुन्यात. उस्ताद साठीचे आहेत, कमी बोलतात, आणि बोलतात ती आमच्या बाजूची दखनी. पावसानं त्यांच्या दारात गाड्यांची अशी रांग लावली होती, की शेवटची पुलावर होती. नंबर यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत अण्णांनी रांगेतल्या इतर गाड्या मागेपुढे करायला मदत केली. दोन दिवे फुटले.

उस्तादांनी बॉनेट उघडलं. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली. मग ऑइलची पट्टी ओढून काढली आणि न बोलता माझ्यापुढे धरली. ऑइल काळं असतं. हे दुधाच्या चहासारखं होतं, वर सायही आलेली. अण्णा म्हणाले, "चांगलं दिसतंय." मग एअर फिल्टरचा डबा उघडला. त्यातून पाणी, दोन बाभळीची पानं आणि एक जिवंत बेडूक निघाला. मत्स्योदरीला निघालेल्या गाडीत निदान मासा निघायला हवा होता, असं बायको नंतर म्हणाली.

नोजल चारही काढले. मग उस्तादांनी सेल्फला हात न लावता क्रँकच्या पुलीवर पाना टाकून इंजिन हातानं, हळूहळू फिरवलं. नोजलच्या भोकांतून पाण्याची पिचकारी छताला लागली. अण्णांनी हे पाहिलं. "बघा," मला म्हणाले, "मी म्हणालो होतो, फिरवलं की बाहेर येतं." उस्तादांनी मान वर केली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी अण्णांकडे नीट बघितलं.

"चाचा, भोक खोल के फिराए तो बाहर आता. बंद रख के फिराए तो रॉड जाता." मग मला, "साब, पानी में बंद हुई ना? फिर चाबी मारे क्या?"

मी गप्प.

"कित्ती बार?"

मी बोटं दाखवली. तीन. मग आठवून ढकलल्याची खूणही केली. उस्तादांनी कपाळाला हात लावला, त्यावर ग्रीसचं बोट उमटलं. हेड उतरवलं. चारही सिलिंडरांत पिस्टन एकेक करून वर आणून ते पट्टीनं मोजत गेले. तीन बरोबर वर येत होते. एक केसभर खाली राहत होता. केसभर म्हणजे खरोखरच केसभर. मला तर दिसलाही नाही. "रॉड टेढा," उस्ताद म्हणाले. "अभी चलेगी भी. पन महिने-दो महिने में ब्लॉक फाड के बाहर आएगा." इलाज म्हणजे हाफ इंजिन. हाफ इंजिनाला पैसे मात्र पूर्ण लागतात. साधारण एक बरी मुऱ्हा म्हैस येईल इतके.

माझी भिस्त विम्यावर होती. पूर हा विम्यात धरलेला असतो, हे खरं आहे. पण बहुतेक विमेवाल्यांचं म्हणणं असं, की पूर आला तो देवाचा, सेल्फ मारला तो तुमचा. पाणी शिरलेलं इंजिन सुरू करायला जाऊन जे मोडतं, ते पुरामुळे मोडलेलं धरत नाहीत. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' म्हणून वेगळी जोड घ्यावी लागते, थोडे जास्त पैसे भरून. विमा उतरवताना मला कुणीतरी ती विचारली होती आणि मी हसलो होतो. जालन्यात, म्हटलं, इंजिनात पाणी? इथं नळात येत नाही.

सर्व्हेअर आले. तरुण, नम्र, हातात टॅबलेट. फोटो काढले, ऑइल पाहिलं, बेडकाची चौकशी केली. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, पाण्यात बंद पडल्यावर सुरू करायचा प्रयत्न केला होता का?"

मला खोटं बोलायचं नव्हतं. पण खरं कोणत्या टोकानं सुरू करावं हे ठरत नव्हतं. वेलस्लीपासून करावं, की सरळ देवीपासून, असा विचार चालू असताना माझ्या मागून, स्टुलावरून, आवाज आला.

"केला म्हणजे? एकदा नाही साहेब, तीनदा! मी स्वतः उभं राहून मारायला लावला. वर ढकल-स्टार्ट. आम्ही काही बाकी ठेवलं नाही."

सर्व्हेअरनी ते टॅबलेटवर लिहून घेतलं. लिहिताना त्यांचा चेहरा प्रसन्न होता. इतका सरळ साक्षीदार त्यांना त्या आठवड्यात दुसरा भेटला नसावा. अण्णांनी त्यांच्या खांद्यावरून डोकावून, आपलं नाव बरोबर लिहिलं का, तेही तपासून घेतलं. गाद्या आणि वायरिंगचे पैसे मिळाले. इंजिनाचे नाहीत.

मुंबईचा माझा एक मावसभाऊ २६ जुलै २००५ला गाडीसकट मिलन सबवेजवळ अडकला होता. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या जिल्ह्यात तेवढा एरवी वर्षात होत नाही. त्याला मी फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडेही होता एक. सफारी घातलेला. छत्री घेऊन, 'मारा, मारा, सेल्फ मारा' करत एकेका गाडीपाशी जात होता." म्हणजे अण्णा आमच्या गावापुरते नाहीत. खोळीच्या जागी छत्री येते, धोतराच्या जागी सफारी, तळहात तोच. ज्या शहरात अशी माणसं नाहीत तिथं बंद पडलेली गाडी रात्रभर पाण्यात एकटी उभी राहते म्हणे. ते बरं की हे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. हाफ इंजिनाचं बिल समोर असलं की एक उत्तर येतं, बाभळीला बांधलेला कासरा आठवला की दुसरं.

सर्व्हेअर गेल्यावर मी आणि अण्णा एसटीनं गावाकडे निघालो. गोलापांगरी येईपर्यंत अण्णा खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असावं. आपणच काहीतरी बोलून त्यांना मोकळं करावं. तेवढ्यात तेच वळले.

"मास्तर, खरं सांगू? चुकलंच आपलं."

"जाऊ द्या, अण्णा."

"चौथ्यांदा मारायला पाहिजे होता. तिसऱ्याला येऊच लागली होती."

गाडी महिन्याभरानं आली. चांगली चालते. मी ती गावात नेली, पारापाशी वळवायला मागे घेतली, आणि अण्णा धावत आले. कठड्यावर माझा पांढरा पट्टा आता दोन बोटं रुंद झाला आहे.

तेव्हा वाचकहो, पावसाळ्यात आमच्या बाजूला आलात आणि नळकांडी पुलाच्या काठावर खताच्या पोत्याची खोळ घेतलेला उंच म्हातारा दिसला, तर त्याला रामराम करा, गाडी अलीकडेच थांबवा आणि पाणी उतरेपर्यंत त्याच्याशी गप्पा मारा. पाण्यात आधीच अडकला असाल तर दोर त्यालाच बांधू द्या, धक्का त्यालाच मारू द्या. किल्ली मात्र तेवढी काढून बायकोकडे द्या.